पितळी पट्टीच्या अलीकडे

तो पट्टीच्या पलीकडे उभा होता, मी अलीकडे. दोघांच्याही फोनवर एकच खेळ होता, लाल-काळ्या घरांचं फिरणारं चाक. माझं चाक फिरत होतं. त्याच्या पडद्यावर मात्र कुलपाचं चित्र आलं होतं.

पट्टी म्हणजे पुलाच्या फुटपाथवर मधोमध बसवलेली पितळेची रेघ. दोन देशांची हद्द. फाटक नाही, पहारा नाही. लोक पाव आणायला इकडून तिकडे जातात. बदलतो तो फक्त कायदा. अलीकडे ऑनलाइन जुगार परवाना घेऊन चालवता येतो, पलीकडे त्याला साफ बंदी.

मला वाटलं, नाद लागलेला दिसतोय बिचाऱ्याला.

"तिथे नाही उघडणार तो," मी म्हटलं. "उगाच कशाला नादी लागता?"

"नाही उघडत ना?" त्याचा चेहरा खुलला. "थांबा, पुन्हा बघतो... नाही उघडत! झकास!"

खेळ बंद पडल्यावर इतका खूश होणारा जुगारी मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आणि तुम्ही?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या गळ्यात तीन फोन लटकत होते, पाठीवर बॅटऱ्यांची पिशवी होती. "तुमचं प्रकरण तर हाताबाहेर गेलेलं दिसतंय."

मी हसले, आणि मग सांगितलं की मी खेळत नाही, तपासते. असे खेळ बाजारात येण्याआधी आमच्या प्रयोगशाळेकडे येतात. हा खेळ हद्दीपाशी बरोबर बंद होतो की नाही, ते पाहायचं काम माझ्याकडे होतं. आमचा दाखला मिळाला तरच कंपनीला परवाना.

"म्हणजे परीक्षक तुम्हीच," तो म्हणाला. "मी त्याच कंपनीचा वकील."

मी दोन पावलं मागे सरकले. नियमच तसा आहे. चाचणी चालू असताना कंपनीच्या माणसाकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही.

त्याने पिशवीतून थर्मास काढला. "चहा?"

"चालत नाही."

"बघायला चालतो?"

"...बघण्याबद्दल नियम गप्प आहे."

"कायदा जिथे गप्प असतो ना, तिथेच आमचा पगार निघतो," असं म्हणून त्याने झाकणात चहा ओतला आणि माझ्यासमोर, अगदी चवीचवीने, प्यायला. वाफ मात्र वाऱ्याने पट्टी ओलांडून माझ्याकडे आली. तिला कोण अडवणार!

मग तो जवळजवळ रोज दुपारी यायला लागला. कंपनीचा माणूस चाचणी पाहू शकतो, तेवढी मुभा आहे. मी हद्दीच्या आरपार फेऱ्या घालायची, कुठल्या पावलाला खेळ बंद होतो ते टिपायची. तो कठड्याला टेकून देशोदेशीचे कायदे सांगायचा. एका देशात जाहिरातीतल्या माणसाने हसायचं नाही. दुसऱ्यात, खेळणाऱ्याला दर तासाला किती वेळ गेला ते सांगावंच लागतं. तिसऱ्यात सगळंच चालतं, आणि पुढच्या निवडणुकीनंतर काहीच चालत नाही.

"मी जिथे जातो तिथला कायदा मला पाठ असतो," तो एकदा म्हणाला. "शेजारी कोण राहतं, ते मात्र कधी कळत नाही. परवा हॉटेलच्या लिफ्टमध्ये एकजण 'कसे आहात' म्हणाला, तर मी इतका वेळ उत्तर देत बसलो की त्याचा मजला निघून गेला."

मी हसले, पण संध्याकाळी खोलीवर आल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं. माझ्या खोलीत एक खुर्ची, एक कप, एक खिडकी. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या तर विजेच्या बिलाबद्दल बोलायच्या. बाकी दिवसभर मी फोनला जागा कळवणाऱ्या उपग्रहांशी बोलायची, आणि ते काही परत बोलत नसत.

आईचा फोन यायचा तेवढाच.

"मावशी विचारत होती, मुलगी काय करते. सांगू काय? जुगाराच्या धंद्यात आहे?"

"अगं, मी जुगार तपासते. खेळत नाही."

"तेच ते. जेवलीस का?"

जेवले म्हणायची. बहुतेकदा ते खरं असायचं.

एकदा मी त्याला समजावून सांगितलं की फोनला आपली जागा नेमकी कळतच नाही. त्याला एवढंच कळतं की आपण अमुक वर्तुळात कुठेतरी आहोत. पाण्यावरून, लोखंडावरून संदेश उलटून आले की ते वर्तुळ आणखी पसरतं.

"म्हणजे कायद्याला हवी रेघ, आणि फोनला कळतं वर्तुळ," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत. मी कुठे आहे ते मलाही हल्ली असंच कळतं."

मी फोनकडे पाहत राहिले. पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"पास झालो की मी पुढच्या देशात," तो नदीकडे बघत म्हणाला. "नापास झालो तर दुरुस्ती, नवी चाचणी... दोन-तीन महिने इथेच."

"आणि कंपनी?"

"परवाना मिळणार म्हणून नवी माणसं घेतलीत. ती घरी जातील." तो कठड्यावरून सरळ झाला. "म्हणून वकील या नात्याने मला पास व्हायचंय."

दुसरं नातं कुठलं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्या. पुलाच्या लोखंडी कमानीखाली एकदाच खेळ पट्टीपलीकडेही थोडा वेळ चालू राहिला होता. एखादी चूक माफ असते. पुन्हा घडली तर दोष.

मी फोन आवरायला हवे होते. त्याऐवजी मी पुन्हा कमानीखाली गेले. परत आले. पुन्हा गेले.

"फेऱ्या संपल्या ना?" त्याने विचारलं.

"खात्री करतेय."

"कशाची?"

मी पुन्हा कमानीकडे वळले. आकडे आवडेपर्यंत मोजत राहायचं, याला आमच्या शास्त्रात चोरी म्हणतात. पहिल्या वर्षालाच शिकवतात. आणि मी मनातल्या मनात त्या कुलपाला विनवत होते – नको ना लागूस, एकदा, फक्त आणखी एकदा...

कुलूप लागलं.

त्याने थर्मासचं झाकण सावकाश घट्ट केलं. "परीक्षक बाई," तो हळूच म्हणाला, "खोलीवर जा. हात गारठलेत तुमचे."

त्याला कळलं होतं.

सकाळी मी प्रयोगशाळेतल्या मॅडमसमोर उभी राहिले. "मॅडम, मला या कामावरून काढा."

"चूक केलीस?"

"करत होते. जास्तीच्या फेऱ्या घातल्या."

"त्यांनी काही देऊ केलं?"

"चहा. घेतला नाही."

"मग?"

"मला... चाचणी नापास व्हायला हवी आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "वकील का?"

"तुम्हाला कसं..."

"तुझ्या टिपणांत वारा, ढग, उपग्रह. आणि मध्येच, 'कंपनीचे प्रतिनिधी आज आले नाहीत.' हे कुणी विचारलं होतं गं तुला?"

माझे कान तापले. मॅडम म्हणाल्या की माझ्या सगळ्या फेऱ्या रद्द होतील, दुसरा परीक्षक पहिल्यापासून सुरुवात करेल. यंदाची माझी बढती गेली ते त्यांनी सांगितलं नाही. त्याऐवजी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग नियमाप्रमाणे कंपनीला कळवायला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा करून.

"परीक्षक बदलतोय आम्ही. कारण, हितसंबंध."

"बाईंचे? आमच्या कंपनीत शेअर वगैरे आहेत का?" त्याचा आवाज एकदम कोरडा, वकिली.

"कंपनीत नाही."

"मग कशात?"

"वकील आहात ना? लावा अर्थ."

पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"तुम्ही पुलावर आहात का?" मॅडमनी विचारलं.

"हो... आज लवकर आलो. बाई अजून आल्या नाहीत."

मॅडमनी फोन ठेवला. "आता या कामाशी तुझा संबंध नाही. चहा घेतलास तर आमचं काही म्हणणं नाही. जा."

मी पुलावर पोचले. गळ्यात फोन नव्हते, त्यामुळे मान विचित्र हलकी वाटत होती. तो पट्टीच्या पलीकडे उभा होता, नेहमीसारखा.

"नव्या चाचणीला दोनेक आठवडे लागतील," मीच म्हटलं.

"पास होईल ती."

"होईल."

"पुढचा देश लांब आहे. दोन विमानं बदलून."

"तिथे फोनवर बंदी आहे का?"

"वाचून सांगतो," तो म्हणाला. त्याने झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मी पट्टी ओलांडली आणि घेतला.

"गार आहे की!"

"तुम्हीच वेळ लावलात."

मी सगळा प्यायले. मग रिकामं झाकण पुन्हा त्याच्यापुढे धरलं.