लहरदर्शक सुरू आहे

नाशिकच्या संवेदन प्रयोगशाळेत डॉ. मंजिरी सोनटक्के सकाळी पोचली, तेव्हा तिचा सहकारी यशोधन भालेकर दार लोटून आत एकटाच बसला होता. दोघांनी मिळून सात वर्षांत लहरदर्शक घडवला होता. वृद्धांच्या घरात भिंतीवर लावायची ती एक पांढरी डबी. तिच्यातल्या रेडिओलहरी माणसाच्या अंगावर आपटून परत येत आणि कुणी पडलं तर डबी लगेच दवाखान्याला कळवी. कॅमेरा नाही, माइक नाही. म्हणून तर लोकांनी ती बिनदिक्कत घरात घेतली होती. मंजिरीच्या घरीही वडिलांसाठी, नानांसाठी, एक होती.

"पडणं ओळखायला आपण छातीची हालचाल मोजतो," यशोधन म्हणाला. "श्वास, नाडी. बरोबर?"

"अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. का?"

"त्याच्यावर कुणीतरी सॉफ्टवेअरचा नवा थर चढवलाय. प्रतिसादनोंद म्हणतात त्याला. टीव्हीवर कुठल्या क्षणी कुठली बातमी लागली हे त्यांना ठाऊक असतं. त्या क्षणी तुझी नाडी किती उडाली ते डबी सांगते. पाहणीवाल्यांशी माणूस खोटं बोलतो, मंजिरी. छाती खोटं बोलत नाही."

"लपवण्यासारखं काही नसेल तर..." तिच्या तोंडून सवयीने निघालं. सोसायट्यांच्या सभांमध्ये हेच वाक्य तिने शेकडो वेळा ऐकवलं होतं. आज ते तिला पुरं करता आलं नाही.

"डबी रोज संध्याकाळी सातला बोलते ना, 'लहरदर्शक सुरू आहे'? ज्याला काही ठाऊक नाही, त्याची नाडी ढिम्म राहते. ज्याला कळलंय की ही आपल्याला वाचते, तो दचकतो. चेहऱ्यावर नाही, आत. मग त्याच्या नावापुढे खूण लागते. जाणकार."

"आणि पुढे?"

"कुणाचा पासपोर्ट अडकतो. कुणाची बदली होते. कारण कुणी सांगत नाही. यादी कुणाकडे जाते ते मला शोधूनही सापडलं नाही."

"मग मी आजच डबी काढते."

"अचानक काढणारा कोण? ज्याला कळलंय तो. त्याचीही नोंद होते."

"मला का सांगितलंस?"

"एकट्याला पेलवेना," तो खाली बघत म्हणाला.

नानांना काही सांगायचं नाही, हे तिने घरी जातानाच ठरवलं. त्यांना माहीत नव्हतं, तोवर ते सुरक्षित होते. सात वाजायला आले तशी ती मनात एकोणिसाचा पाढा म्हणू लागली. डबी बोलली. पाढा सत्तावन्नावर अडकला. खुर्चीतून नाना तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेत, यशोधनला सापडलेल्या त्या थरात शिरून, स्वतःच्या घराची नोंद उघडली. सात वाजता तिच्या नाडीची रेघ सुळक्यासारखी वर गेली होती. खूण लागली होती. पण तिच्या खाली आणखी एक खूण होती, अकरा महिन्यांपूर्वीची. नानांची. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांची रेघ तशीच उसळत होती. एकही दिवस सुटला नव्हता. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे का गेली, हे तिला तेव्हा कळलं.

ती दुपारीच घरी आली. नाना सोलाणे सोलत बसले होते.

"नाना, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्यांचा हात थांबला. "बसवली त्याच आठवड्यात कळलं. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लहरी मोजल्यात मी. नुसतं पडणं कळवायला एवढी माहिती बाहेर पाठवावी लागत नाही, मंजू."

"मग मला का नाही बोललात?"

"तू निर्धास्त होतीस, म्हणून सुरक्षित होतीस. तुझ्याच हाताने घडवलेली वस्तू. कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं असतं, तर तुझीही नाडी उडाली असती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "काल तू सातला ओठ हलवत होतीस, तेव्हाच मी समजलो."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मग दोघं खूप वेळ बोलली, अकरा महिन्यांचं सगळं. सात वाजता डबी बोलली, तेव्हा नानांचा हात तिच्या हातात होता आणि दोघांपैकी कुणीही दचकलं नाही. त्या आवाजाला घाबरण्यापलीकडे ती गेली होती. आपण निदान एवढं तरी जिंकलो, असं तिला वाटलं.

सकाळी प्रयोगशाळेत तिने नोंद पुन्हा उघडली. दोन्ही रेघा सपाट होत्या. त्याखाली यंत्राने काही ओळी लिहिल्या होत्या.

"वडिलांची नाडी अकरा महिन्यांत प्रथमच स्थिर. मुलीचीही पुन्हा स्थिर. दोघांचे बोलणे झाले आहे. मुलीला परवापर्यंत माहिती नव्हती. परवा दिवसभर तिच्यासोबत कोण होते, ते तपासावे."

मागे दार वाजलं. यशोधन चहाचे दोन कप घेऊन आला होता. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, नमुन्याच्या डबीचा हिरवा दिवा लागलेला होता.

"काय गं, काय झालं? चेहरा असा का?"

मंजिरीने संगणकाचा पडदा बंद केला.

"कुठे काय," ती हसत म्हणाली. "झोप झाली नाही नीट."