सगळे दिवे एकाच खोलीत

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थिजली.

फळीवर खोट्या दातांच्या कवळ्या ओळीने मांडलेल्या होत्या. आणि त्यांच्या खाली, कपाटावर, खिडकीत – तिचेच दिवे! बहुतेकांची खोकीसुद्धा फोडलेली नव्हती.

बारीक काम करणाऱ्यांसाठी टेबलाला अडकवायचा हा दिवा ती आणि तिची ताई मिळून बनवत. प्रत्येक दिवा स्वतः पोचवायचा, हा तिचा हट्ट. या इमारतीतून सोनार, शिंपी, घड्याळवाला अशा नावांनी मागण्या येत राहिल्या, आणि त्यांच्याच भरवशावर ताईने मोठी जागा ठरवली. संध्याकाळी करारावर सह्या होणार होत्या. त्याआधी लोक दिवा कसा वापरतात ते डोळ्यांनी पाहावं, म्हणून ती आज प्रथमच जिना चढली होती. एरवी हा कवळ्या बनवणारा तरुण खाली दारातच भेटे – "वर कशाला दमता? मी देतो ज्याचं त्याला."

आता तो, हातात कुणाची तरी कवळी घेऊन, टेबलामागून धडपडत उठला होता.

"सोनार कुठंय?" तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"वरच्या मजल्यावर. पण त्याला... यातलं काही माहीत नाही."

"आणि शिंपी?"

"तो केव्हाच जागा सोडून गेला."

"म्हणजे माझी अर्धी गिऱ्हाइकं तुमच्या या दातांसारखी? खोटी?"

"मागणी केली की तुम्ही स्वतः येता..." त्याचे कान लाल झाले. "नुसतं भेटायला बोलवायचं धाडस होत नव्हतं."

"आणि आम्हाला बुडवायचं झालं? या मागण्यांच्या भरवशावर आज मोठ्या जागेचा करार करतोय आम्ही!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. करार, मोठी जागा – त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिने फोन लावला. "ताई, सही करू नकोस."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आत्ताच आलंय. आपल्याला वाटतात तेवढी गिऱ्हाइकं नाहीत गं. आधी दिवा धड करू, मग जागा."

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. "एक तरी वापरलात?"

"एक. रोज."

"मग खरं सांगा. कसा आहे?"

तो घुटमळला. "हाताची सावली नेमकी कामावर पडते. मी डावखुरा. दांडा एकाच बाजूला वळतो."

"आणि इतके दिवस गप्प?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं... येणं थांबलं असतं."

ती पुन्हा थक्क झाली. आजवर प्रत्येकाने दिव्याचं कौतुकच केलं होतं. खोट कुणी दाखवली नव्हती. पिशवीतून पेचकस काढून ती त्याच्या टेबलाशी वाकली. दांडा धरताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही ती काढून घेतली नाहीत.

"असं भागणार नाही," ती हळूच म्हणाली. "नवा दांडा करून आणायला हवा."

"मग... मागणी नोंदवू?"

"खबरदार!"

तो दचकला, मग एकदम उजळला.

"तर मग... उद्या या. नुसत्याच."