सिंदेवाहीच्या वायरलेसचं कुलूप

सोमवारी सकाळी खासगी तपास करणाऱ्या दिव्यानी मेश्रामच्या चंद्रपुरातल्या कचेरीत जो माणूस आला, त्याने आधी दार लावून घेतलं आणि मग नाव सांगितलं.

"मन्सूर शेख. सिंदेवाहीले घड्याळाचं दुकान आहे माझं. बाई, माझ्या घरात कोणीतरी घुसलं."

हेमराजने लगेच वही उघडली. तीस वर्षं हवालदारी करून निवृत्त झालेला हेमराज दोन वर्षांपासून दिव्यानीच्या हाताखाली काम करत होता. लग्नाआधीच्या स्थळांच्या चौकशा करून तो विटला होता, त्यामुळे घरफोडी म्हटल्यावर त्याला हुरूप आला.

"काय काय गेलं?" त्याने विचारलं.

"काईच नाई गेलं. वायरलेसचा पासवर्ड बदलला."

हेमराजचं पेन थांबलं. दिव्यानीने मात्र हातातला कप खाली ठेवला.

"पहिल्यापासून सांगा, मन्सूरमिया."

मन्सूरमिया खुर्चीच्या कडेवर बसले. दोन दिवस नीट जेवले नसावेत, असा चेहरा. मागच्या वर्षी पोलिसांनी बाजारात सभा घेऊन सांगितलं होतं, की वायरलेस इंटरनेट उघडं ठेवू नका. तुमच्या लाइनवरून कोणी भलतंसलतं पाठवलं, तर आम्ही पहिले तुमच्याच दारात येऊ. ते त्यांच्या मनात बसलं. बकरीदच्या आदल्या दिवशी टेलिफोनवाला राउटर लावायला आला, तेव्हा त्यांनी पासवर्ड घातला. गुड्डी आणि उमेरा या दोन्ही मुलींची नावं जोडून, इंग्रजी लहान अक्षरांत: guddiumera.

"टेलिफोनवाला पाठ करून उभा राह्यला. म्हणे, तुमचा तुम्हीच टाका, मी पाहत नाई. मी जुन्या लॅपटॉपवरून दोनदा राउटरच्या पानावर टाकला, एकदा वायरलेस जोडताना. लगेच चालू झालं. आता शुक्रवारी उमेरासाठी नवा लॅपटॉप आणला, कॉलेजले जाते ना ती. त्याच्यात पासवर्ड टाकला तर घेत नाई. पन्नास वेळा टाकून पाह्यला."

"राउटर रिसेट का नाही केला?"

"उमेराही तेच म्हणते. पण बाई, रिसेट केला तर सारं पुसून जाईल. मग कोण घुसलं, काय पाठवलं, कधीच कळणार नाई. लाइन माझ्या नावावर आहे. आणि नाव मन्सूर शेख आहे. पुढचं मी बोलत नाई."

पुढचं बोलायची गरज नव्हती. हेमराजने नोकरीत असताना अशी माणसं ठाण्याच्या बाकावर बसलेली पाहिली होती. काही केलेलं नसतानाही ती तिथून वाकूनच बाहेर पडत.

"संशय कोणावर?" दिव्यानीने विचारलं.

"दोघांवर. एक माझा साळा वाजिद. नागभीडले मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, या कामात तरबेज. नवा लॅपटॉप मी त्याले न विचारता नागपूरहून घेतला म्हणून रुसला होता. गुरुवारी सकाळी जुना लॅपटॉप दुरुस्तीले घेऊन गेला आणि शुक्रवारी हे झालं. दुसरा हरिदास, वरच्या खोलीतला भाडेकरू. मागे नेट मागत होता, मी नाई म्हटलं होतं."

"त्यांना काही बोललात?"

मन्सूरमियांनी मान खाली घातली. "वाजिदले म्हटलं, माझ्या दारात पाय ठेवू नको. हरिदासले म्हटलं, बुधवारपर्यंत खोली खाली कर. त्याच्या बायकोले सातवा महिना आहे."

दिव्यानी उठली. "हेमराजभाऊ, मूलमार्गे सिंदेवाहीला जाणारी बस किती वाजता आहे?"

*

सिंदेवाहीत पोचेपर्यंत दुपार झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्यांत भाताची रोवणी चालू होती, बायका ओणव्या होऊन परे लावत होत्या. हेमराजने वाटेतच निकाल लावून टाकला होता.

"वाजिद आहे, बाई. राग त्याले, अक्कल त्याले, अन् लॅपटॉपही त्याच्याच हातात."

"असेलही," दिव्यानी म्हणाली.

मन्सूरमियांच्या बायकोने, जरीनाबाईंनी दार उघडलं. राउटर मधल्या खोलीत, टेलिफोनच्या शेजारी फळीवर होता. दिव्यानीने तो न उचलता, चष्मा लावून सगळ्या बाजूंनी पाहिला. पाठीमागचं रिसेटचं बारीक भोक धुळीने बुजलं होतं. त्याच्या बाजूला केबल लावायच्या जागा होत्या. टेलिफोनची तार होती तेवढी सोडली, तर बाकीच्या जागांत कोळ्याचं जाळं होतं.

"नेटवर्कचं नाव काय दिसतं?" तिने उमेराला विचारलं.

उमेराने नवा लॅपटॉप उघडला. "मन्सूर वॉच. अब्बांनी पहिल्या दिवशी ठेवलं तेच."

"जुना लॅपटॉप घरी होता तोवर नेट चालत होतं?"

"हो. गुरुवारी सकाळी मामू यायच्या आधी मी त्याच्यावरच कॉलेजची यादी पाहिली."

"त्याच्यावर पासवर्ड टाकावा लागायचा?"

"नाही. चालू केला की आपोआप जोडला जायचा. इतक्या महिन्यांत कोणीच कधी टाकला नाही."

"तुला पासवर्ड माहीत होता?"

"शुक्रवारी पहिल्यांदा कळला. अब्बा कोणालेच सांगत नव्हते." उमेराने आईकडे पाहिलं. "अम्मीलेही नाही."

जरीनाबाई आत निघून गेल्या. त्यांच्या भावाला तीन दिवसांपूर्वी दाराबाहेर काढलं होतं.

हरिदास वरच्या खोलीत पोत्यात भांडी भरत होता. भात संशोधन केंद्रात कामाला असलेला, हळू बोलणारा तिशीचा माणूस. त्याची बायको कमळा भिंतीला टेकून बसली होती.

"गुरुवारी तुम्ही खाली गेला होता?" दिव्यानीने विचारलं.

"गेलो होतो. दुपारी सासऱ्याचा फोन आला. कमळाले जिना उतरवत नाई, म्हणून मी गेलो."

"खोलीत एकटेच होता?"

"दहा मिनिटं. भाभी अंगणात होत्या." त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मॅडम, मी नेट मागितलं होतं, हे खरं आहे. ते नाई म्हणाले, विषय संपला. माझ्याजवळ तर कॉम्प्युटरही नाई. काऊन हात लावू मी त्याले?"

"फोनवर असताना हातात काही होतं?"

"हातात रिसीव्हर होता. दुसरं काय असणार?"

जिना उतरताना हेमराज हळूच म्हणाला, "दहा मिनिटं एकटा होता, बाई. आता मले याचाही संशय येऊन राह्यला."

दिव्यानी हसली. "चला, नागभीडला जाऊ."

*

वाजिदचं दुकान बसस्थानकाजवळ होतं. दोघं कुठून आली हे कळताच त्याचा चेहरा कडू झाला.

"दुल्हाभाईंनी पाठवलं? मग आधीच सांगतो. मी काही केलं नाई. करायचं असतं तर मले पासवर्ड बदलायची गरजच नव्हती. मी बसलो असतो बिनबोभाट त्यांच्या नेटवर."

"जुना लॅपटॉप दाखवता?"

त्याने टेबलावरचं कापड बाजूला केलं. पंखा काढून ठेवलेला लॅपटॉप होता. "नवा पंखा आजच आला. गुरुवारपासून हा चालूच केलेला नाई."

दिव्यानी कळफलकावर वाकली. लॅपटॉप लहान होता. आकड्यांच्या वेगळ्या कळा त्याला नव्हत्या. उजव्या हाताच्या काही अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र बारीक निळे आकडे छापले होते. तिने हेमराजला ते पाहायला सांगितलं. हेमराजने पाहिलं आणि मान हलवली. कळा मळल्या होत्या, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

"मन्सूरमिया तुम्हाला ईमेल पाठवायचे?"

"कधीमधी." वाजिद नकळत थोडा सैल झाला. "पहिला मेल तर मी जपून ठेवला आहे. वायरलेस लागलं त्याच संध्याकाळी पाठवला होता. त्यांना टायपिंग येत नव्हतं ना. पाहा, काय लिहिलं ते."

त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडला. बकरीदच्या आदल्या संध्याकाळची तारीख, आणि खाली एकच ओळ:

w5re3ess 3aga. e5d 04bara2.

"वायरलेस लगा, ईद मुबारक," वाजिदने वाचून दाखवलं. "आम्ही सगळे किती हसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून नीट लिहायले लागले."

दिव्यानीने ती ओळ हेमराजच्या वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. मग म्हणाली, "हा लॅपटॉप जोडून द्या आणि आमच्यासोबत चला."

"मले त्या दारात पाय ठेवायले मनाई आहे."

"म्हणूनच चला."

*

पाच वाजता मन्सूरमियांच्या मधल्या खोलीत सगळे जमले. हरिदास आणि कमळाही खाली आले होते. वाजिद दाराशी उभा होता. मन्सूरमियांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पहिली गोष्ट," दिव्यानी म्हणाली, "राउटर कोणी रिसेट केलेला नाही. केला असता तर नेटवर्कचं नाव बदलून कंपनीचं झालं असतं. नाव तुमचंच आहे, आणि रिसेटचं भोक धुळीने बुजलेलं आहे."

"मग पानावर जाऊन बदलला," हेमराज म्हणाला.

"त्या पानावर जायला कॉम्प्युटर राउटरला जोडलेला हवा. एकतर तारेने, नाहीतर वायरलेसने. तारेच्या जागी कोळ्याचं जाळं आहे, ते मोडलेलं नाही. राहिलं वायरलेस. त्यावर जोडला जाणारा एकच कॉम्प्युटर होता, हा जुना लॅपटॉप. गुरुवारी सकाळपर्यंत तो इथे नीट चालत होता, म्हणजे तोवर पासवर्ड बदललेला नव्हता. त्यानंतर तो नागभीडला उघडून पडला. हरिदास दुपारी या खोलीत आले ते रिकाम्या हाताने. त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही, आणि असता तरी पासवर्ड माहीत नव्हता."

"मग बदलला कोणी?" मन्सूरमियांनी विचारलं.

"कोणीच नाही. पासवर्ड तोच आहे, तुम्ही पहिल्या दिवशी टाकलेला."

"मी तर तोच टाकून राह्यलो ना, बाई."

"नाही. तुम्ही तेव्हा जो टाकावा असं मनात आणलं होतं, तो आता टाकताय. तेव्हा प्रत्यक्षात पडला तो वेगळाच." तिने जुना लॅपटॉप सगळ्यांसमोर धरला. "या निळ्या आकड्यांकडे पाहा. लहान लॅपटॉपवर आकड्यांचं एक कुलूप असतं. ते चुकून चालू झालं, की ही अक्षरं अक्षरं राहत नाहीत, आकडे होतात. त्या दिवशी नेटवर्कचं नाव टाकून झाल्यावर, पासवर्डच्या आधी, ते चालू झालं असणार. वाजिदभाईंचा मेल त्याचा साक्षीदार आहे. मुबारकमधल्या एमच्या जागी शून्य, यूच्या जागी चार. वायरलेसमधल्या आयच्या जागी पाच. मेलमध्ये ते दिसलं, म्हणून सगळे हसले. पासवर्ड टाकताना मात्र अक्षरं दिसत नाहीत."

"नुसते ठिपके दिसतात," उमेरा म्हणाली.

"बरोबर. तिन्ही वेळा सारखीच चूक झाली, म्हणून तिन्ही वेळा जमलं. मन्सूरमिया, त्या रात्री लॅपटॉप बंद केला होता?"

"केला होता. सकाळी ईदच्या नमाजहून आल्यावर पुन्हा चालू केला."

"तेव्हाच ते कुलूप सुटलं. दुसऱ्या दिवसापासून मेल नीट जाऊ लागले. पासवर्ड पुन्हा कोणी टाकलाच नाही, म्हणून चूक तशीच झाकून राहिली. शुक्रवारी नव्या लॅपटॉपने विचारला, तेव्हा ती उघडी पडली."

तिने हेमराजच्या वहीत एकेक अक्षर मांडलं आणि ते पान उमेराला दिलं. त्यावर होतं: g4dd540era.

उमेराने नव्या लॅपटॉपवर ते टाकलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावरची लाल फुली गेली.

"लागलं," उमेरा म्हणाली.

दिव्यानीने वाजिदकडे पाहिलं. "आता हा जुनाही चालू करा. त्याच्यात हा पासवर्ड साठवलेला आहे. वायरलेसच्या सेटिंगमध्ये, सुरक्षेच्या पानावर, अक्षरं दाखवा असा एक चौकोन आहे. त्यात खूण करा."

वाजिदने दाराचा उंबरा ओलांडला, जमिनीवर बसून लॅपटॉप चालू केला आणि चौकोनात खूण केली. काळ्या ठिपक्यांच्या जागी अक्षरं आली. हेमराजने वहीतल्या पानाशी ती बोट लावून ताडून पाहिली. एकही फरक नव्हता.

"म्हणजे कोणीच आलं नव्हतं," मन्सूरमिया म्हणाले.

"कोणीच नाही. तुमच्या लाइनवरून तुमच्या घराशिवाय कोणी काही पाठवलेलं नाही."

मन्सूरमिया भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळ्यांवर रुमाल धरला. जरीनाबाई पाणी घेऊन आल्या. तीन दिवस छातीवर असलेला धोंडा उतरताना माणूस कसा दिसतो, ते हेमराज पाहत राहिला. पोलिसात असताना त्याने चोर पुष्कळ पकडले होते. चोर नाहीच हे सांगायला तो पहिल्यांदाच कुणाच्या घरी आला होता.

थोड्या वेळाने मन्सूरमिया उठले. ते आधी हरिदासजवळ गेले.

"तुम्ही कुठी जाऊ नका. बाळंतपण इथीच होऊ द्या. जरीना आहे, फोन आहे. मी वाईट बोललो."

हरिदासने मान हलवली. कमळाच म्हणाली, "भाऊ, मग पोती तुम्हीच सोडा आता. यांनी लय गच्च बांधली."

सगळे हसले. त्या हसण्यातच मन्सूरमियांनी वाजिदच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून जा," एवढंच ते म्हणाले. वाजिदने कोणी पाहू नये म्हणून मान वळवली.

"एक काम राहिलं," दिव्यानी म्हणाली. "हा पासवर्ड आता खूप जणांनी पाहिला. तो खरोखरच बदला."

उमेराने राउटरचं पान उघडून लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला आणि तोंड फिरवलं. वाजिद आणि हरिदासही उठू लागले.

"बसा सारे," मन्सूरमिया म्हणाले. "घरातल्या साऱ्यांले माहीत असलं, तर कोणावर संशय तरी कशाले येईल. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणतो, तुम्ही ऐका. जरीना, तूही इथी ये."

दिव्यानीने पर्स उचलली. हेमराज तिच्या मागोमाग अंगणात आला आणि त्याने जाताजाता दार ओढून घेतलं, कारण ते दोघं काही त्या घरातले नव्हते.