आणखी एकदा

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. आज शुक्रवार. आज भरदुपारी, तंजावूरच्या आमच्या घरात हे घडलं.

माझा थोरला भाऊ कल्याणराम विमान चालवायला शिकत होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. हॉलमधल्या झोपाळ्यावर तो बसायचा, गुडघ्यांत लाटणं उभं धरून, विमानाचा दांडा म्हणून.

मुद्दाम विमान गरगर फिरत खाली येऊ द्यायचं आणि मग सावरायचं, असा एक धडा असतो. फिरतंय त्याच्या उलट बाजूचा पाय दाबायचा, मग दांडा पुढे ढकलायचा. पण जमीन अंगावर येताना दिसली की हात मागेच ओढतात.

अण्णा पाय आपटायचा, लाटणं ढकलायचा. दर वेळी म्हणायचा, "आणखी एकदा."

आई म्हणायची, "ते लाटणं दे आधी. पोळ्या काय तुझ्या विमानात लाटू?"

एका सकाळी तो एकटाच वर गेला.

पापनाशम गावच्या भातशेतात विमानासकट पडला.

झोपाळा आईनं काढायला लावला. छताला कड्या तेवढ्या राहिल्या.

आता माझी नात लावण्या विमान शिकते. आज तिचा तोच धडा होता. मी हॉलमध्ये जप करत बसले होते.

आणि...

झोपाळ्याच्या साखळ्या कुरकुरल्या.

वर पाहिलं. नुसत्या कड्या.

मग फरशीवर पाय आपटला... जोरात.

संध्याकाळी लावण्या आली. चेहरा पांढराफटक.

"आजी, मी घाबरून दांडा ओढतच राहिले. विमान फिरायचं थांबेना. तेव्हा कानाशी कोणी बोललं... 'ओढू नको गे. उजवा पाय. आता ढकल.' तसं केलं, आणि सावरलं."

"तुझे सर बोलले असतील."

"सतीशकुमार सर? ते तमिळ, आजी. त्यांना मराठी कुठं येतं?"

अण्णानं पोर राखली. डोळे भरून आले. मी देवापुढे दिवा लावायला गेले.

मागून ती म्हणाली, "नंतर तो हसला. म्हणाला... 'आणखी एकदा.'"

हातातली काडी विझली.

अण्णाचं हे बोलणं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

उद्या ती एकटी उडणार आहे. मी म्हटलं, "नको जाऊस गे."

"एकटीनं तो धडा करायचाच नसतो, आजी. नियम आहे. मी कशाला करीन?"

एवढं बोलून ती हॉलमध्ये गेली.

मी हे लिहितेय, आणि ती त्या कड्यांखाली खुर्ची ओढून बसली आहे. डोळे मिटून.

गुडघ्यांत...

माझं लाटणं.