दोन बाटल्या फिनेल

स्कूटर बंद पडली म्हणून मी त्याच्या गॅरेजात शिरले आणि माझी चप्पल काळ्या मातीत रुतून बसली.

"सांभाळून मॅडम, आमची माती कुणाला सोडत नाही," मेकॅनिक हसत म्हणाला.

"माती कसली? सगळं सांडलेलं ऑइल आहे हे!"

त्याचा चेहरा पडला. प्रदूषण मंडळाची तशी नोटीसच आली होती — माती साफ करा, नाहीतर गॅरेज बंद. आणि गॅरेज त्याच्या वडिलांनी उभं केलेलं...

"घाबरू नका. ऑइल खाणारे जिवाणू असतात. प्रयोगशाळेत मी तेच पाळते."

"पाळता? मांजरासारखे?"

"मांजरापेक्षा गुणी. वाढलेलं मुकाट्यानं खातात."

मी मातीत जिवाणू सोडले. तो रोज माती खालीवर करायचा, पाणी शिंपडायचा, वर म्हणायचा, "जेवा रे पोटभर!" आठवड्यातून एकदा गेले असते तरी पुरलं असतं. मी रोज जायचे.

"तपासणी रोज लागते का गं?" गॅरेजमागच्या घरातून त्याच्या आईनं एकदा विचारलंच.

"लागते, काकू," मी बेधडक सांगितलं. एव्हाना आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो होतो.

मग एके दिवशी फाटकातच फिनेलचा वास आला.

"हे काय केलंस?"

"तू रोज नाकाला रुमाल लावतेस... म्हटलं, वास जाईल. दोन बाटल्या ओतल्या."

"अरे देवा! सगळे मारून टाकलेस!"

तो पांढराफटक पडला. "म्हणजे... गॅरेज गेलं?"

"मला सर्दी झाली होती, शहाण्या! विचारायला काय झालं होतं?"

"तू समोर आलीस की... विचारायचं राहूनच जातं."

आता यावर कुणी कसं रागवायचं? मी टायरांचा ढीग हलवला. मागच्या कोपऱ्यात फिनेल पोचलं नव्हतं. तिथली मूठभर माती नेऊन मी जिवाणू पुन्हा वाढवले. त्यानं फिनेलची माती धू धू धुतली, वाऱ्यावर पसरली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. रुमाल मी घरीच ठेवला.

माती पास झाल्याचं सांगायला मी धावतच गेले. मला बघून तो नळाकडे वळला. "थांब, हात धुऊन येतो —"

"खबरदार! माझ्यासाठी काही धुवायचं नाही. मला तू आवडतोस. ऑइलसकट!" मी त्याचा काळाकुट्ट हात धरला.

तो कानापर्यंत लाल झाला. "मलाही... पहिल्या दिवसापासून. तुझी चप्पल रुतली तेव्हापासून."

खिडकीतून काकूंनी विचारलं, "पास झाली ना गं माती? मग आता रोज यायची गरज नाही!"

"आहे, काकू," मी हात न सोडता म्हणाले.