मळीवरचं धान

“हे तुमी खरं मानणार नाही जी,” डोमाजी कापगते म्हणाला, “पन या गावात एके काळी धान आपल्या पायावर उभं राहे. कोणाची भट्टी नाही, कोणाची मळी नाही. चिखल, पानी अन् धान.”

खैरबोडीत डोमाजीची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू होई, आणि गाव त्याचा मान राखून एकही खरी मानत नसे. त्याने लहानपणी पाहिलेला वाघ दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, हातभर वाढत गेला होता. मागच्या मंडईला तो तलावात मावेना. पण आज ओसरीवरच्या खाटेवर धानाची शास्त्रज्ञ बसली होती, थेट नागपूरहून आलेली डॉ. शर्वरी पातुरकर, आणि ती हसत नव्हती. साऱ्या जन्मात पहिल्यांदाच कोणी डोमाजीचं ऐकायला गाडी करून आलं होतं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि ऐसपैस मांडी घातली.

आतून धप्, धप् आवाज येत होता.

“अवो, थांबव ते!” डोमाजी घरात बघून ओरडला. “पाहुनी आली अन् हिले आताच मिरची कांडाची हाय!”

“तुमचं तोंड चालते, माहे हात चालते,” आतून त्याच्या बायकोचं, भागरताचं उत्तर आलं. धप्, धप्.

ओसरीवरून समोर गावची भट्टी दिसत होती आणि तिच्यामागे लोखंडाचा डोंगर. हा डोंगर म्हणजे खैरबोडीच्या अकलेचं स्मारक. तो कसा उभा राहिला, ते ऐकण्यासारखं आहे.

लोखंड वितळवलं की दुधावर साय धरावी तसा त्याच्यावर एक थर तरंगतो. ती मळी. चुना आणि सिलिका, म्हणजे वाळूचं सार, हे तिच्यात मुख्य. जुने कारखाने ती फेकून देत. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की सिलिका धानालाही हवी असते. मुळं ती पाण्यातून पितात आणि काडीत, पानात काचेसारखी साठवतात. काडी ताठ होते, वाऱ्याने लोळत नाही, किड्याचे दात बोथट होतात. मळी दळून धानाच्या बांधीत टाकली, तसं धान छाती काढून उभं राहिलं. कचऱ्याचं सोनं झालं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं आणि इथेच थांबायला हवं होतं. पण थांबेल तर तो माणूस कसला?

शास्त्रज्ञांनी मळीवर पोसणारं नवं वाण काढलं. त्याचं नाव मळधान. लोंब्या दुप्पट, तूस मात्र असं कठीण की उखळ फुटेल पण दाणा सुटणार नाही. ते गिरणीतच भरडायचं. जुनी वाणं चिखलातली थोडीथोडकी सिलिका मुळांनी चिवटपणे ओढून घेत. मळधानाला ती आयती वाढून मिळू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड होता होता त्याची ओढायची ताकदच गेली. धान घरजावई झालं. मळी मिळाली नाही तर दाणा भरायच्या आधीच चिखलात लोळण घेई.

पुढे लोखंड काढायची नवी रीत आली. तिच्यात मळी निघतच नसे. जगाने जुन्या भट्ट्या विझवल्या आणि खैरबोडीसारख्या गावांनी फक्त मळीसाठी त्या पुन्हा पेटवल्या. खनिज वितळवायचं, वरची मळी घरोघर वाटून घ्यायची आणि खालचं चांगलं, पण आता गिऱ्हाईक नसलेलं लोखंड गावाबाहेर ओतून द्यायचं. त्याचाच हा डोंगर. शेळ्या त्यावर चढत, पोरं घसरत. मृदा-उद्धार मंडळ नावाच्या कार्यालयाने त्यावर पाटी ठोकली होती : ‘कचरा. दूर राहा.’

“अन् आता खनिज संपलं,” डोमाजी भट्टीकडे पाहून थुंकला. “पुढच्या रोवणीले मळी नाही. तं आमचे शहाणे काय करतेत? भट्टीले नारळ फोडतेत! हळद-कुंकू लावतेत! तिथं लोखंड सडून राह्यलं, अन् हे राखेले हात जोडून राह्यले.”

“फक्त इथे नाही, आजोबा. सगळीकडे हेच आहे,” शर्वरी म्हणाली.

“तं मंग वाळू टाका ना! वैनगंगेत काय कमी हाय? तिच्यातबी तेच सार हाय म्हणता ना?”

“आहे, पण ते विरघळत नाही. वाळू म्हणजे दगडाचा दाणा. मूळ ती पिणार कशी? मळी भट्टीत वितळते आणि पाणी मारून झटक्यात थंड केली जाते. म्हणून तिच्यातली सिलिका मोकळी सुटते.”

“म्हणजे इतकं शिकून तुमच्या धानाले वाळूबी पचत नाही!”

“नाही पचत.”

“अन् जुनं बी? तुमी लोकांनी कुठं तरी थंड्या पेटीत ठेवलं होतं म्हणे.”

शर्वरीची मान खाली गेली. “ठेवलं होतं. दर काही वर्षांनी ते पेरून ताजं करायला लागतं. ते कोणी केलं नाही. मळी आहे तर गरज काय, म्हणाले. आता पेरलं तर एक दाणा उगवत नाही.”

डोमाजीला इतकं बरं आजवर कधीच वाटलं नव्हतं. अख्खं सरकार मूर्ख, नागपूर मूर्ख, खैरबोडी तर जन्माची मूर्ख. आणि एकटा शहाणा तो, ज्याला सगळे फेकाड्या म्हणत.

“म्हणून मी आले,” शर्वरी म्हणाली. “तुमच्याकडे जुनं बियाणं आहे, असं तुम्ही ग्रामसभेत सांगितलंत. लोक हसले. मला मात्र हसण्याची चैन परवडत नाही. आजोबा, ते खरंच आहे का?”

आणि ते खरंच होतं. तलावाच्या सांडव्यामागे, बेशरमाच्या झुडपांआड, डोमाजी दरसाल दुपट्ट्याएवढ्या तुकड्यात आज्याचं धान लावत आला होता. लपून, कारण दिसलं असतं तर गावाने त्याचंही हसं केलं असतं. निघेल तेवढं बी भोपळ्याच्या वाळल्या तुंब्यात भरून भागरता चुलीवर धुरात टांगत असे. तो एक तुंबा. बास.

पण तुंबा म्हणायला त्याची जीभ वळेना. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट खरी होती आणि ती नेमकी एवढीशी होती.

“हाय म्हणजे?” तो म्हणाला. “त्याच्या लोंबीवर बगळा बसला तं काडी हालत नाही! माह्या आज्यानं एका वर्सी...”

कांडण केव्हाच थांबलं होतं. आज्याची गोष्ट आज्याच्या लग्नापर्यंत आली, तेव्हा भागरताने शर्वरीसमोर ताट आणून ठेवलं. वाफाळता भात, लाखोळीचं वरण. खैरबोडीची रीत होती, उंबऱ्यात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला घरचं, घरच्या हाताने कांडलेलं वाढायचं. मळधान आल्यापासून ती मोडली होती. डोमाजीचं ताट आलंच नाही. गोष्ट संपल्याशिवाय तो जेवत नाही, हे भागरताला ठाऊक होतं.

शर्वरीने घास घेतला आणि थांबली. जन्मभर तिने दाताखाली करकरणारा भातच खाल्ला होता. “किती मऊ आहे हा!”

“भाताचं काय घेऊन बसल्या! गोष्ट ऐका,” डोमाजी चिडून म्हणाला.

तिने गोष्ट ऐकली आणि लाजत लाजत दुसऱ्यांदा भात घेतला. मग हात धुऊन ती सरळ बसली. “आता दाखवा, आजोबा. मूठभर असलं तरी चालेल. मुठीची पोती करायला मला चार हंगाम लागतील, पण होतील. मूठभरच हवं.”

“मूठ?” डोमाजी हसला. त्याने एक हात आडवा, एक उंच केला. “मूठ कोणाले सांगता? दोन कणग्या भरून ठेवल्या हायेत घरात! काठोकाठ! पुढच्या रोवणीले सारा जिल्हा लावून घ्या!”

“खोटं!” दारातून भागरता म्हणाली. डोईवरचा पदर सारखा करत ती पुढे आली. “कणग्या कुठल्या वो? कणगी तं घरात नाहीच. एक तुंबा होता, तो म्या सकाळी उतरवला अन् साराच कांडला. शिकलेली बाई पहिल्यांदा दारी आली, तिले का गिरणीचा करकर भात वाढू? इज्जत नाही का घराची?” मग ती शर्वरीकडे वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला. “लाजू नको, माय. गंजात अजून थोडा हाय. वाढू का?”