खिडकी उघडी ठेवायची

"त्यावर रंग मारू नका हं. पुन्हा वर येईल."

हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या डिस्टेंपरचा छोटा डबा घेऊन मी उभी होते, तेव्हा मागून आवाज आला. वळून पाहिलं. उंच, चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात नळाचा वायसर. मुलुंडमध्ये न विचारता सल्ला देणाऱ्यांची कमी नाही, पण हा जरा जास्तच खात्रीने बोलत होता.

"मी कशावर रंग मारणार, ते तुम्हाला काय ठाऊक?"

"बाथरूमच्या छतावर. बुरशी आलीय ना?" तो किंचित हसला. "रोज सकाळी भांडता तिच्याशी... 'मेले, आज परत आलीस?' मी सर्वेश. तुमच्या समोरचा. म्हणजे—डक्टच्या पलीकडचा."

माझे कान तापले. आमच्या इमारतीत दोन घरांच्या बाथरूमच्या खिडक्या मधल्या अरुंद डक्टमध्ये समोरासमोर उघडतात. मी आंघोळ करताना बुरशीला शिव्या देते, मॅनेजरची नक्कल करते, आणि गाते तर अगदी गळा काढून. हे सगळं या माणसाने ऐकलं होतं!

"गाणं पण?"

"गाणं झकास असतं. दुसऱ्या कडव्यात फक्त शब्द चुकतात."

मी डबा तिथेच ठेवला, घरी आले आणि बाथरूमची खिडकी घट्ट लावून टाकली. आई तर खूशच झाली. "बरा केलंस गो. लोकांक सगळा ऐकाक जाता."

बुरशी आईहूनही खूश झाली. गीझरची वाफ आत कोंडलेली, पावसामुळे कपडेही आतल्याच दोरीवर वाळत घातलेले. छतावरचे काळे ठिपके भिंतीवर उतरले, टाइल्सच्या फटींत जाऊन बसले. आईला खोकला लागला. लिफ्टमध्ये सर्वेश भेटला की विचारायचा, "खिडकी लावलीत का हो? हल्ली फार शांतता आहे..." मी मजल्यांचे आकडे बघत बसायचे. खाली पोचून तो निघून गेला की मात्र मला एकदम रिकामं वाटायचं.

मग घरमालकीण रत्नप्रभाकाकूंचा फोन आला. "रविवारी येते. मागच्या भाडेकरूने बाथरूमची वाट लावली होती. तुमचं बघते, मगच पुढचा करार."

हे घर सुटलं तर आम्हाला परवडेल असं दुसरं थेट बदलापूरला. आईचे डॉक्टर इथे, माझी नोकरी इथे. आणि खरं सांगायचं तर, डक्टच्या पलीकडचा तोही इथेच.

शनिवारी मी त्याची बेल वाजवली.

"बुरशी वाढलीय."

"खिडकी बंद केलीत म्हणून."

"तुमच्यामुळे केली!"

"मग उघडायलाही मलाच यायला हवं," म्हणत त्याने चपला घातल्यासुद्धा.

हातमोजे, ब्रश, ब्लीचिंगचं पाणी. आधी त्याने खिडकी सताड उघडली. "यात टॉयलेटचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि आईंना आतल्या खोलीत बसू दे." तो छत घासत होता, मी फटी. त्याचं मागचं भाड्याचं घर असंच गेलं होतं. बुरशीवर रंग फासला, मालकाने बोट लावलं आणि पापुद्रा हातात आला.

"आंघोळ झाली की वायपरने भिंतींवरचं पाणी ओढायचं. कपडे बाहेर. हा नळ गळतोय, वायसर बदलून देतो. आणि खिडकी उघडी ठेवायची... रोज."

"तुला ऐकू येईल त्याचं काय?" तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंच नाही.

"येऊ दे ना."

"घर सुटलं तर तेही नाही. बदलापूरला जावं लागेल."

त्याचा ब्रश थांबला. "नाही जायचं," एवढंच म्हणाला, आणि इतक्या जोरात घासायला लागला की सगळे शिंतोडे माझ्या ओढणीवर! ओढणीवर पांढरे डाग पडले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

रविवारी रत्नप्रभाकाकू आल्या. मोबाईलच्या उजेडात छत पाहिलं, टाइलवरून बोट फिरवलं, वास घेतला. मी आणि आई दारात उभ्या. तेवढ्यात डक्टमधून पाण्याचा आवाज आला, आणि मागोमाग सर्वेशचा. तो आपलं बाथरूम धूत होता, फोन स्पीकरवर.

"आई, फोटो नको पाठवूस. मुलगी चांगलीच असेल गं. पण मला दुसरी आवडते."

"कोण रे?" पलीकडून त्याच्या आईचा आवाज.

"समोर राहते. नाही, तिला नाही सांगितलं... काल सांगणार होतो. पण हातात ब्लीचिंगचा ब्रश घेऊन कसं सांगू यार?"

मी झटकन आत शिरून खिडकीच्या कडीला हात घातला.

"राहू दे उघडी," रत्नप्रभाकाकू छतावरची नजर न काढता म्हणाल्या. "हवा खेळली पाहिजे. करार करू आपण, छत स्वच्छ आहे." मग आईकडे वळून, "चहा टाकता का? पोरीला जरा काम आहे."

त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आई जाताना माझ्याकडे बघत होती, ओरडावं की हसावं हे तिचं ठरत नव्हतं. माझा हात कडीवरच होता. लाजेने जीव जात होता. पण आता खिडकी लावली असती, तर पुन्हा उघडायची हिंमत मला झाली नसती.

"सर्वेश..."

पलीकडचा नळ बंद झाला.

"किती ऐकलंस?"

"सगळं. मलाही तूच आवडतोस. कधीपासूनच."

तिकडे बादली आपटली. आणि मग स्पीकरवरून, "सर्वेश? कोण बोललं रे ते?"

मी पालथ्या बादलीवर चढले, चेहरा खिडकीला लावला आणि आमच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"मी बोलले, काकू. समोरची श्रुतिका."